दुपारची भरती

लामू,
शाबानची नववी, मंगळवार

लाडक्या स्वाबराला,

आजीचा सलाम. तू बरी असशील असं धरून चालते. माझ्या तब्येतीची चौकशी आत्ताच करू नकोस, पुढे कळेलच.

तुझं पत्र नाखवा अथमानने वाचून दाखवलं, आणि हेही तोच लिहितोय. अक्षर सरळ दिसलं तर त्याचं, बोलणं वाकडं वाटलं तर माझं. मला लहानपणी चार दिवस लिहायची फळी घेऊन बसवलं होतं. पाचव्या दिवशी मी त्या फळीवर मासे वाळत घातले आणि माझं शिक्षण संपलं.

तू लिहितेस, महिनाअखेर येईन, लॉजवर उतरेन, जुनी घरं बघत एकटीच हिंडेन, वाटाड्या नको, छापील नकाशा आहे. आणि वेळ मिळाला तर आजीकडे डोकावेन. अठ्ठावीस वर्षांनी येतेस आणि आजी सगळ्यात शेवटी, तीही वेळ मिळाला तर. मी रागावले नाही. त्या नकाशात आमच्या गल्लीचं गटारसुद्धा आहे म्हणे. मी नाही.

नकाशा मोंबासालाच ठेव. मी सांगते तशी चाल. प्रत्येक जागेचं पान वेगळं करायला नाखव्याला सांगितलंय. त्या त्या जागी पोचलीस की ते ते पान वाच, आधी नाही. तुला धीर नसणार. तुझ्या आईलाही नव्हता.

*

धक्का

नवा सिमेंटचा नको, जुन्या दगडी पायऱ्यांवर ये. खाली बस. सकाळी येशील तर पाणी कुठल्या पायरीला लागलंय ते बघून ठेव, आणि सहा तासांनी परत येऊन बघ. भरतीला होडी पायरीला चिकटते, बाई आपला काळा बुरखा, बुईबुई, सावरत एका पावलात आत जाईल. ओहोटीला तिथेच नुसता चिखल, आणि होड्या कुशीवर पडलेल्या. मग नाखवा कितीही शहाणा असो, त्याला बसून राहावं लागतं.

नाखवा म्हणतो, "बी, तिला घरं बघायचीत, तू पाणी काय दाखवतेस?"

मी म्हटलं, "तू लिही. घरं पाण्यावरच आली इथे."

*

किल्ला

इथे फार थांबू नकोस. पूर्वी आत तुरुंग होता, आता वाचनालय आहे. नाखवा म्हणतो, फरक काही नाही, दोन्हीकडे माणसं गप्प बसतात. दारातल्या झाडाखाली म्हातारे असतील. तू कोणाची, असं विचारतील. तिमाची मुलगी, बी झैनाबूची नात, एवढं सांग. ते लगेच म्हणतील, "अरेरे, ती बिचारी. होडी उशिरा आली ना तिची." ऐकून घे. काही बोलू नकोस. पुढे चल.

*

गल्ली

किल्ल्याच्या मागून चढ लागतो. दोन भरलेली गाढवं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं, आणि गाढव मागे सरत नाही, म्हणून तू सर. भिंतींना हात लावून बघ. प्रवाळाचा दगड आहे, वरून चुना. समुद्रातून काढलेला दगड उन्हात किती तरी महिने ठेवतात, मग भिंतीत घालतात. तुझ्या कॉलेजात हे शिकवलं असेल.

हे शिकवलंय का बघ: आमच्या खोल्या लांब असतात पण अरुंद, कारण खारफुटीचा वासा जेवढा लांब, तेवढीच खोलीची रुंदी. एकामागे एक खोली, प्रत्येक आतली खोली आधीच्या खोलीपेक्षा काळोखी. सगळ्यात आतल्या खोलीला खिडकी नाही. घरातलं मूल तिथेच जन्मतं, आणि घरातलं माणूस गेलं की त्याला अंघोळही तिथेच घालतात. बाहेरच्यांना ती दाखवत नाहीत. माझ्या घरची तुला दाखवायची की नाही, हे तू पाचव्या पानावर ठरव.

*

पूल

मान वर कर. गल्लीवरून एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली बंद खोली दिसते ना, तो आमचा पूल. आमच्या बायका शेजारणीकडे जायच्या त्या या वाटेने, रस्त्यावर पाय न ठेवता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पहिली सहा वर्षं या गल्लीची जमीन मी वरूनच बघितली. मला त्याचा अभिमान होता. हे नीट लक्षात ठेव, कारण आता सांगते ते त्यातूनच आलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिमा मोंबासाहून माझ्याकडे आली होती. दोन दिवस कळा चालल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानच्या सुमारास सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "झैनाबू, हे माझ्या हातचं नाही. पलीकडे मोठ्या इस्पितळात ने. आत्ता."

नाखव्याला निरोप गेला. तो तासाभरात दारात. "होडी पायरीला लावलीय, बी. भरती आहे. खाटेवर घालून आणूया."

मी म्हटलं, "मगरिबनंतर."

"मगरिबला पाणी नसेल."

"या घरची बाई अशा अवस्थेत भर दुपारी बाजारातून जाणार नाही. किल्ल्यासमोरून, त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अंधार पडू दे."

तिमाने आतून हाक मारली, "आई, मला जाऊ दे. बघू देत त्यांना." मी आत गेले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला, आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून. या हाताला अजून तिचे दात आठवतात.

दुपार कलता कलता तू झालीस. चांगली रडलीस. तिचं रक्त थांबलं नाही. अंधार पडल्यावर आम्ही तिला खाली नेलं, तू आत्ता चढून आलीस त्याच वाटेने. पायऱ्यांखाली चिखल होता. होडी कुशीवर. नाखवा कमरेपर्यंत चिखलात उतरून एकटा ती ढकलत होता. पाणी यायच्या आधी तिमा गेली.

दुसऱ्या दिवशी तुझा बाप ओमारी आला. ओमारीने विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "नाखवा उशिरा आला."

एवढंच. चार शब्दही नाहीत. पण त्यानंतर या गावातल्या एकाही बाईला तिच्या घरच्यांनी अथमानच्या होडीत बसवलं नाही. त्याने होडी विकली आणि कोळ्यांची जाळी विणायला घेतली. चाळिसावा दिवस झाल्यावर तुझा बाप तुला घेऊन गेला. जाताना त्याने माझा हात हातात घेतला, आणि अथमानचा सलाम न घेता पुढे गेला.

नाखव्याने इथे लेखणी खाली ठेवलीय. आज काय लिहायचंय ते त्याला ठाऊक नव्हतं. वाटाड्याचं काम म्हणून आला होता बिचारा. गावात लिहिणारे खूप आहेत, मी मुद्दाम त्यालाच बोलावलं.

मग म्हणाला, "बी, इतकी वर्षं मला वाटायचं, तुला खरंच तसंच आठवतंय. दुःखात होतं माणसाचं असं. म्हणून मी कधी बोललो नाही."

मी म्हटलं, "मला नीट आठवतंय."

"मग हे लिहू?"

"लिही. माझ्या बाजूने एक शब्दही गोड करू नकोस."

तो लिहितोय. अक्षर बिघडलं असेल तर त्याला हसू नकोस.

*

दार

पुलापासून तिसरं, डाव्या हाताला. कोरीव चौकट आहे, कमळं, साखळ्या, सगळे फोटो काढतात. तूही काढ. बाहेरच्या ओट्यावर जरा बस, चढून आली आहेस.

माझ्या पोटात गाठ आहे. इस्पितळातली पोरगी म्हणाली, रमजान बघाल, ईदचं सांगता येत नाही. मी आतली खोली चुन्याने सारवून घेतली. बाईला अंघोळ घालायची ती तिच्या लेकीने, लेक नसेल तर नातीने. माझी लेक त्या खोलीत मीच धुतली. आता उरलीस तू. शेजारणी घालतील, पाण्याला काय, ते कोणाच्याही हातचं ओलंच असतं. पण मला तुझ्या हातचं हवं आहे. मागायचा हक्क नाही, तरी मागते. लाजेने एकदा काय केलं ते वाचलंस. आता लाजून गप्प बसणार नाही.

उंबऱ्याबाहेरून "होदी" म्हणायची आपली रीत तुला तुझ्या आत्याने शिकवली असेल. तीनदा म्हणतात. आतून उत्तर आलं नाही तर पाहुणा परत फिरतो, त्यात कोणी वाईट मानत नाही. या दाराचं उलटं आहे. आतलं उत्तर तयार आहे. रोज तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, मी दाराच्या मागेच बसते. तू हाक दिली नाहीस तर मी बाहेर डोकावणार नाही, तुझी पावलं उतरताना ऐकेन आणि वाईट मानणार नाही.

एक मात्र कर. आत ये किंवा नको येऊस, उतरताना किल्ल्याच्या झाडाखाली थांब. म्हाताऱ्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं तर त्यांना सांग, होडी दुपारीच आली होती. मोठ्याने सांग. ते कानाने कमी आहेत.

तुझ्या बापालाही पुलाचं पान दे.

मला सही येत नाही. खाली अंगठा आहे. नाखव्याने माझा हात धरून उमटवला.

दाराच्या आत बसलेली,
तुझ्या आईची आई
झैनाबू