कारखान्याच्या वाटणीचा सुधारित नमुना

मी, खाली सही करणारा, धंद्याने नमुनेवाला आणि वयाने पुरेसा म्हातारा, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. बायको शेजारी बसून मटार सोलत आहे. तिचे दडपण धरायचेच झाले तर ते लग्नापासूनचे आहे, आजचे नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाची एक झडप गळते असे सांगितले. जन्मभर लोकांच्या गळक्या झडपा दुरुस्त केल्या, पण ही आता या वयाच्या यंत्रात बदलता येणार नाही असे त्यांचे मत पडले. तेव्हा हातपाय हलताहेत तोवर निरवानिरव केलेली बरी.

यापूर्वी मी असाच एक मसुदा केला होता. तो चाचणीत नापास झाला, म्हणून रद्द समजावा. चाचणी कशी झाली ते पुढे योग्य कलमात येईल.

धंद्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण वाटण्याजोगे जे काही आहे ते त्यातूनच आले. काही लोकांच्या डोक्यात एखादी वस्तू असते. ती बाजारात मिळत नाही, त्यांना कागदावर काढता येत नाही आणि घरचे ऐकून घेत नाहीत. असे लोक माझ्याकडे येतात. मी ती वस्तू एकदा, एकच नग, बनवतो. मग ती ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात देतो आणि समोर गप्प बसतो. कशी वापरायची ते सांगत नाही. सांगावे लागले तर माणूस नव्हे, वस्तू चुकली असे मी धरतो. वस्तू हातात आली की निम्मे लोक हिरमुसतात, कारण डोक्यात ती जास्त बरी दिसत होती. उरलेल्यांपैकी काहींनी पुढे कंपन्याही काढल्या. लग्नाला जाऊ तिथे कोणीतरी मला ओळखून मोठ्याने “नमुना आला” म्हणते, आणि बायको ते आनंदाने घरी येऊन पुन्हा सांगते.

कलम १. माझे राहते घर माझ्या पत्नीस द्यावे. घरातील बहुतेक कड्या, मुठी आणि बिजागऱ्या माझ्या हातच्या आहेत. त्या कोणी सुधारणेच्या नावाखाली बदलू नयेत. अपवाद स्वयंपाकघरातील मोठ्या कपाटाचा. त्याचे दार आधी किंचित वर उचलून, मग डावीकडे दाबून ओढावे लागते. पाहुण्यांना ते आजवर एकदाही उघडता आलेले नाही. ते कपाट मी तरुणपणी केले, तेव्हा चाचणीचे महत्त्व मला कळले नव्हते. ते खुशाल बदलावे. बायको म्हणते, मुळीच बदलणार नाही, बिस्किटे त्यातच सुरक्षित राहतात.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नीस. किती आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. कारखान्यातील वरच्या फळीवर काही नमुने आहेत, जे पुढे गेले नाहीत. शाळेच्या बाईंनी सुचवलेली, बोटांना खडू लागू नये म्हणून केलेली नळी. औषधाच्या दुकानदाराची, गोळीच्या वेळेला वाजणारी डबी; ती त्यांच्याच दुपारच्या झोपेत वाजायची. बँकेतल्या एका बाईंची छत्री, जी मिटल्यावर पाणी दांड्यात साठवते आणि मग शांतपणे धरणाऱ्याच्या बाहीत सोडते. या वस्तू ज्यांच्या डोक्यातून निघाल्या त्यांना बोलावून परत द्याव्यात. देताना हसू नये. हसायचे ते मी हसून घेतले आहे, आणि तेही त्यांच्यासोबत. डोक्यातली वस्तू परक्या माणसासमोर बोलून दाखवायला छाती लागते. मला ही माणसे फार आवडली, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ४. माझ्या धाकट्या मेहुण्यांनी माझे हातड्रिल “उद्या आणून देतो” म्हणून नेले, तेव्हा आमच्या लग्नाची छायाचित्रेसुद्धा धुऊन आली नव्हती. तो उद्या अजून उजाडायचा आहे. मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो असता ते त्या ड्रिलने रंग ढवळताना दिसले. माझ्याकडे त्याची बिटे अजून तेल लावून ठेवलेली आहेत, ती त्यांना द्यावीत. म्हणजे ताटातूट संपेल आणि माझाही जीव अडकून राहणार नाही.

कलम ५. प्लास्टिकच्या एका कारखानदाराने भर बैठकीत माझ्या कामाला “खेळणी” म्हटले होते. त्याच्यावरचा राग मी कोणालाही देत नाही. तो मी सोबत नेणार आहे, तेवढा हक्क मला असावा.

कलम ६. आता मुख्य गोष्ट, म्हणजे घरामागची लांबट खोली, जिला मी कारखाना म्हणतो आणि बायको अडगळ.

मला दोन मुले. थोरली मुलगी वस्तूचा आकार ठरवते. हातात काय कसे बसेल हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते. धाकटा मुलगा तीच वस्तू हजारांनी कशी निघेल आणि कोण घेईल हे पाहतो. दोघांनी मिळून एक कंपनी काढली. वस्तू साधी होती: ज्यांची बोटे आखडली आहेत त्यांना बरणीचे झाकण फिरवता यावे म्हणून एक पकड. आईची बोटे संधिवाताने आखडलेली, त्यामुळे कल्पना घरातूनच निघाली आणि चाचणीही घरातच झाली. प्रत्येक नमुना आईच्या हातात जायचा. तिचा अंगठा दुखला की मुलगी तेवढी जागा कानशीने घासायची आणि पकड पुन्हा आईच्या हातात. शेवटचा नमुना तिला इतका नेमका बसला की ती घरभर झाकणे उघडत हिंडली, मग शेजारच्यांच्या बरण्याही उघडून आली. सगळे खूश. मुलाने लगोलग पोलादी साचा पाडून घेतला. साचा पडला की आकार कायमचा ठरतो, मग त्यातून हवे तेवढे नग काढा. माल बाजारात गेला आणि जवळजवळ सगळा परत आला. ती पकड जगात एकाच बाईच्या हातात बसत होती, आणि ती बाई आमच्याच स्वयंपाकघरात उभी होती.

मुलगा म्हणाला, आकार चुकला. मुलगी म्हणाली, साच्याची घाई कोणाला झाली होती. कंपनी मिटली आणि पाठोपाठ दोघांचे बोलणेही मिटले. आई मधल्यामध्ये स्वतःच्या हाताला बोल लावत बसली, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले.

तेव्हापासून मुलगी सकाळी कारखान्यात येते आणि मुलगा दुपारनंतर. कामे दोघे उत्तम करतात, कधी एकाच कामाचे दोन भागही करतात, पण बोलणे माझ्यामार्फत. बाबा, ताईला सांगा, ड्रिल मशीनचा पट्टा सैल झालाय. बाबा, त्याला सांगा, माझी कानस जागच्या जागी ठेव. मी या घराचे टपालखाते झालो आहे, आणि ते खाते आता बंद पडायच्या बेतात आहे. मरणाची भीती नाही असे लिहिणार नाही, थोडी आहे. त्याहून मोठी भीती ही, की मी गेल्यावर या दोघांमध्ये एक शब्दही जायचा नाही.

रद्द केलेल्या मसुद्यात मी सरळ वाटणी केली होती. लेथ, कानशी, करवती, मोजमापाची हत्यारे आणि खिडकीकडचा अर्धा भाग मुलीला. थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगचे टेबल आणि दाराकडचा अर्धा भाग मुलाला. भांडणाला फटच ठेवली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनाही मसुदा पसंत पडला. सही करायला पेन उघडले आणि माझा हात थांबला. आजवर चाचणीशिवाय एकही वस्तू मी बाहेर सोडली नाही, आणि ही वस्तू तर अशी, की ती वापरात येईल तेव्हा दुरुस्तीला मी नसणार.

म्हणून गेल्या रविवारी दोघांना एकदम बोलावले. फरशीवर मधोमध खडूने रेघ मारली, मसुदा वाचून दाखवला आणि सांगितले, की आता चहापर्यंत मी मेलेलो आहे. जे काम हातात आहे ते पुरे करा. मग स्टुलावर बसलो आणि तोंड मिटले. बायकोने दारातून एवढीच दुरुस्ती सुचवली, की मेलेल्या माणसाने पाय हलवू नये.

काम होते एका आजोबांच्या चाकाच्या खुर्चीला काठी अडकवण्याचे. दांडा मुलीने लेथवर काढायचा आणि तो ज्यात बसेल ती खोबण मुलाने प्रिंटरवर. मुलाला दांड्याची जाडी हवी होती. दांडा रेघेपलीकडे, तो मोजायचा व्हर्नियरही रेघेपलीकडे. सवयीने तो म्हणाला, बाबा, ताईला विचारा ना, किती आहे. मी मेलेलो होतो. जाडी मला पाठ होती, अगदी जिभेच्या टोकावर आली होती. शेवटी त्याने अंदाजाने आकडा टाकला आणि प्रिंटर सुरू केला. खिडकी असूनही मुलीला उजेड पुरत नव्हता आणि दिव्याचे बटण मुलाच्या भागात होते. ती डोळे बारीक करून दांडा घासत राहिली, पण बटण दाब म्हणाली नाही. प्रिंटरला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ खोलीत फक्त यंत्राचा आवाज होता. मी गेल्यावर ही खोली अशीच असणार, हे मला बसल्या जागी दिसले आणि डोळे भरून आले. पुसता येईनात, कारण नियम मीच केले होते.

खोबण निघाली. मुलाने ती रेघेवर ठेवली. मुलीने उचलून दांड्यावर चढवली, ती चढेना. तिने जोर लावला आणि खोबण तडकली. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. मग मुलीने दांडा आणि व्हर्नियर रेघेवरून त्याच्यापुढे धरले.

“मोज की मग. तोंड नाही का तुला?”

“तोंड आहे. व्हर्नियर तुझ्या इस्टेटीत आहे.”

ती हसली. हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, “आईच्याच हातावर मोजत बसलो रे आपण. दुसरा एक हात शोधला नाही.”

“दोघांनी नाही शोधला,” तो म्हणाला, आणि रेघ ओलांडून तिच्याजवळ जाऊन बसला. त्याच्या चपलेने खडू पुसला गेला तो पुसलाच. नंतर किती तरी वेळ ते दोघे त्या पकडीविषयी बोलत होते: कुठे जाड झाली, कोणाकोणाला द्यायला हवी होती, कोण कोणाला काय बोलले. त्यात माझे नावही आले, फारसे चांगले नाही, पण मेलेल्याला त्याचे काय. चहा होईपर्यंत दुसरी खोबण निघाली. ती बसली.

चहाचा कप हातात आल्यावर मी जिवंत झालो आणि म्हणालो, ठरले तर, कारखाना दोघांच्या नावे. मुलगी म्हणाली, नको. मी मुलाकडे पाहिले. तोही नको म्हणाला. मला राग आला, खोटे कशाला लिहू. जन्म ज्या खोलीत घालवला ती पोटच्या दोन्ही पोरांना नको, हे ऐकायला का मी मेलो होतो? तसे बोलूनही दाखवले. तेव्हा मुलीने मला समजावले, की एका वस्तूवर एकाचे नाव पडले की दुसरा तिला हात लावत नाही, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत. आणि दोघांचे नाव घातले तर आम्ही मनातल्या मनात रेघ मारूच. मुलगा म्हणाला, “आईच्या नावावर करा बाबा. आईच्या घरात आम्ही कधी विचारून डबे उघडलेत?”

मी कप खाली ठेवला आणि जुना मसुदा घडी करून खिशात घातला.

सबब, कारखाना, त्यातील सर्व यंत्रे, हत्यारे, अर्धवट कामे आणि माझे स्टूल, हे सर्व मी माझ्या पत्नीस देत आहे. तिथे कोणी, कधी आणि काय करावे हे ती ठरवील. तिने आताच सांगून टाकले आहे, की येणाऱ्याने पाय पुसून यावे आणि जेवायला हाक मारली की यंत्र बंद करावे. तिच्यानंतरचे तिचे ती पाहील. माझ्यासारखे सोंग मात्र करणार नाही म्हणते.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीला मी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला आणि कोपऱ्यावरच्या काचवाल्याला सांगून ठेवले होते. त्यांनी राग मानू नये, त्यांचा चहा ठरल्याप्रमाणे होईल. झाले असे, की वकीलबाईंनी हा मसुदा वाचता वाचता सांगितले, ज्याला यातून काही मिळते त्याची साक्ष नसावी, बाकी कोणीही सज्ञान माणूस चालेल. मग चष्म्यावरून मुलांकडे पाहून त्या म्हणाल्या, “आणि या दोघांना तर तुम्ही काहीच दिलेलं नाही.” मी पुन्हा पहिल्यापासून वाचून पाहिले. खरेच नव्हते दिले.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे, वाचून पाहिला आहे आणि यात खाडाखोड नाही. पहिल्या पानावरचा डाग मटाराचा आहे.

ठिकाण: कारखाना, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १७ मार्च २०२४, रविवार

(सही) नमुनेवाला

साक्षीदार: थोरली मुलगी. वडिलांनी माझ्यासमोर सही केली. यातून मला काही मिळत नाही, हे वाचून समजून घेतलं.
(सही)

साक्षीदार: धाकटा मुलगा. वडिलांनी माझ्यासमोर सही केली. मलाही काही मिळत नाही. पेन आणायचं राहिलं होतं, ते ताईकडे मागितलं. तिने दिलं.
(सही)