अब्बांच्या शेजारची जागा

ईदचा दुसरा दिवस, दुपार

लाडक्या छोट्या,

सलाम आणि भरभरून दुआ. ईद मुबारक. आम्ही सगळे मजेत. दुकानात आदल्या दिवसापर्यंत गिऱ्हाइकांची नुसती झुंबड. अख्ख्या गल्लीचे कपडे शिवून दिले आणि माझ्याच कुर्त्याची बटणं राहिली. टाचण्या लावून ईद केली, हस आता.

नमाजनंतर तुझे दुल्हाभाई अब्बांच्या कबरीवर जायला निघाले, तर अम्मी चपला घालून दारात तयार. दरवर्षी कब्रस्तानच्या फाटकाबाहेरूनच दुआ मागणारी बाई, यंदा म्हणे आत यायचंय! तिच्यापुढे कोणाचं काय चालतंय? आम्ही दोघांनी धरून नेलं. चार पावलं चालली की दम खायची. कबरी खोदणाऱ्या चाचांनी स्टूल आणून दिलं. तिने फातेहा पढली, कबरीवरचं गवत स्वतःच्या हाताने उपटलं. मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून चाचांना म्हणाली, ही कोणाला देऊ नका, मी बुटकी आहे, मला थोडकीच पुरेल. चाचा हसले. मला काही हसू आलं नाही.

तू स्टेशनवरून धावत आलास तेव्हा अब्बांना माती देऊन झाली होती. तुझी मूठभर माती राहिली ती राहिलीच. मय्यत ताटकळत ठेवायची नसते, हे तुलाही कळतं. पण राग तुझ्या नाकाच्या शेंड्यावर! तेव्हापासून तू या घराचा उंबरठा ओलांडला नाहीस. मी समजावून थकले, बाबा.

अम्मीने काल त्या स्टुलावर बसूनच मला सांगितलं, "माझ्या वेळीही छोट्यासाठी थांबू नका. त्याला आधीच कळवून ठेव, नाहीतर परत रुसून बसेल."

वरती मजेत लिहिलं ते खोटं आहे. तिचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरीच आरामात ठेवा, माणसं जवळ असू द्या. तिला सगळं ठाऊक आहे. आजाराचं तुला कळवू नये म्हणून तिने मला कसम घातली होती. ती मोडून लिहितेय. माझा जीव तुटतो रे, तुम्हा दोघांसाठीही.

मातीसाठी येऊ नकोस. ती तुझ्यावर ओरडू शकतेय तोवर ये. निरोप मिळाल्यावर निघालास, तर छोट्या, आम्ही या वेळीही थांबणार नाही.

दाराची कडी काढून ठेवलेली,
तुझी आपा