पायाळूची पाठ

आबा, तोंडानं तुम्हाला कायम 'तू' म्हणत आलो, पण कागदावर 'तुम्ही' येतंय. तीन इयत्ता शिकलो त्याचा एवढाच गुण. उताणा पडून लिहितोय, पोटावर फळी उभी धरून, म्हणून अक्षर चढउतार करतंय. बसून लिहावं तर मानेतून खांद्यात आग उतरते. तुम्ही गेल्यावर मी एका जागी टिकलो नाही. धुळ्याचं सरकी काढायचं जिन सोडलं, सुरत सोडली, शेवटी इथं अहमदाबादला गिरणीत कापसाच्या गाठी वाहायला लागलो. लढाईमुळं गिरणीला उसंत नव्हती. गेल्या थंडीत थप्पीवरची एक गाठ सुटली ती माझ्या पाठीवरच आली.

दोन मणके मोडले होते. इस्पितळात नाकावर फडकं धरून मला भूल दिली, माझ्या डाव्या नडगीतून हाडाची पट्टी काढली आणि पाठीत मणक्यांना आधार म्हणून बसवली. शुद्धीवर आलो तेव्हा पाठीआधी पायच ठणकत होता. मग कित्येक महिने प्लास्टरमध्ये, लिंपलेल्या कणगीसारखा. आता डॉक्टर म्हणतात, हाड धरलं. मी विचारलं, मग दुखतं का? म्हणाले, दुखणार. कधीपर्यंत, म्हटलं, तर ते पुढच्या खाटेकडं वळले. ओझं मात्र जन्मात उचलायचं नाही, असं बजावलं. सकाळी उठायचं म्हणजे आधी कुशीवर व्हायचं, मग कोपरावर, मग भिंत धरायची. कुणी मागून हाक मारली तर मान वळत नाही, अख्खा वळतो. तव्यावर मीठ भाजून त्याची पुरचुंडी मानेखाली घेतो, ती निवेपर्यंत बरं असतं. मी, ज्याला जेवताना मांडी घालून बसवत नव्हतं, तो दिवसभर आढ्याच्या कैच्या बघतोय.

खोलीत भडगावचा एक गडी आहे, गिरणीतलाच. नडगीची गोष्ट ऐकून तो पोट धरून हसला. "तुनी लाथ तुलेच बसनी रे भाऊ," म्हणाला. मीही हसलो, मग हसणंही पाठीत लागलं. त्याला ठाऊक आहे मी पायाळू, पायाकडून जन्मलेला. आपल्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. उसण भरलेल्या माणसाला पायाळूनं डावा पाय लावला की उसण जाते. तोच पाय डॉक्टरनं उघडला आणि त्यातलं हाड माझ्याच पाठीत कायमचं बसवलं. आणि पाठ दुखते.

तुम्हाला आपला ओटा दिसतो का अजून? रविवारी सकाळी मी तोंडही धुतलेलं नसायचं, आणि खाली माणसं पालथी निजलेली. पारोळ्याहून, भडगावहून बैलगाड्या यायच्या. तुम्ही माझा दंड धरून उभे. एक म्हातारा दर पंधरवड्याला यायचा आणि निजता निजता म्हणायचा, "हळू मार रे बाबा, मी काय चोरी नही करी." तुम्ही म्हणायचे, "चोरी नही करी, तं दर पंधरवडाले मार खावाले कसाले येस?" सगळे हसायचे. मी तीनदा पाय लावायचो, माणूस कण्हत उठायचा, कंबर वाकवून बघायचा आणि म्हणायचा, बरं वाटलं. कुणी ज्वारीची पिशवी ओट्यावर ठेवली तर तुम्ही ती उचलून त्याच्या गाडीत परत ठेवायचे. "पोर्‍याना पाय देवनी देयेल शे," एवढंच बोलायचे.

आणि तुमची पाठ. पारोळ्याहून धुळ्याला कापसाची गाडी हाकून ती आधीच गेलेली. गाडीतून उतरताना तुम्ही जू धरून थोडा वेळ तसेच उभे राहायचे, बैलांशी बोलत असल्यासारखे. एकदा मी म्हटलं, आबा, निज ना, मी पाय लावतो. तुम्ही असे खेकसलात की बैलानं कान टवकारले. मला वाटलं बापाला पाय लावायची गोष्ट काढली म्हणून रागावले. दोन दिवस मी तुमच्यासमोर आलो नाही. तिसर्‍या दिवशी कडबा टाकता टाकता तुम्ही आपणहून बोललात, माझ्याकडं न बघता. "तुना पाय मनी पाठले लागना आनि माले बरं नही वाटनं, तं मंग मी लोकेसले काय सांगू?" तेव्हा मला हे नीट कळलं नव्हतं. आता पडल्यापडल्या रोज ऐकू येतं. तुम्ही दुखणं वागवलंत, पण माझ्या पायाची परीक्षा घेतली नाहीत.

आता दादाचं म्हणणं ऐका. गावचा एक जण इकडं आला होता, त्याच्या तोंडी निरोप आला. घरी ये, ओझं नाही तर नाही. ओट्यावर बस, लोक अजून तुझं नाव काढतात, आता पाय लावल्याबद्दल दाणे घ्यायचे, त्यात तुझं पोट निघेल. दादाचं चुकलं असं म्हणवत नाही. त्याची पोरं, त्याची शेती, वर मी. इथं मुकादमानं दोनदा विचारलं, खाट कधी रिकामी करतोस. पण ज्याच्या स्वतःच्या पाठीत पाय असून पाठ बरी झाली नाही, त्यानं दुसर्‍याच्या पाठीला पाय कुठल्या तोंडानं लावायचा?

काल भडगावच्या गड्याला गाठ उचलताना चमक भरली. तो काही न विचारता माझ्या खाटेशेजारी पालथा पडला. मी भिंत धरून उभा राहिलो. पाय उचलला तशी कंबरेपासून मानेपर्यंत तार ओढल्यासारखी कळ गेली. तरी तीनदा लावला. तो उठला, वाकून बघितलं, म्हणाला, "बठ्ठं मोकळं व्हयनं." मग माझ्याकडं बघून विचारलं, तुले दुखनं का? मी म्हटलं, नही.

आज दादाला निरोप धाडला, येतो म्हणून. हा कागद धाडायला ठिकाण नाही, सकाळी चुलीत जाईल. आबा, तुम्ही कुणाची ज्वारी ठेवून घेतली नाही. मी बहुतेक घेईन.