पलीकडच्या पडवीत न्यायचं जाळं

बाबा,

पलीकडच्या काठावरच्या चाचांचं जाळं आज सकाळी आपल्या पडवीत येऊन पडलं आहे. त्यांचे दोघे मुलगे होडीतून घेऊन आले, खाली ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता गेले. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पावसाळा तोंडावर आला की अंड्यांवरची मासळी खाडीत शिरते. तेव्हा तुम्ही आपलं बारीक आसाचं, पिल्लंही न सोडणारं जाळं पलीकडच्या मोहल्ल्यात चाचांच्या पडवीत नेऊन ठेवायचात आणि ते त्यांचं आपल्याकडे. थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. तुम्हां दोघांकडे बघून दोन्ही काठांवरची घरं आपापली जाळी गुंडाळून ठेवायची. मी लहानपणी त्या ढिगावर लोळले तेव्हा तुम्ही रागावलात, "ऊठ. ता आपला नाय, राखायला दिलेला हा."

तुमच्यानंतर हे मोडलं आणि खाडीतली मासळी आटत गेली. पदवी घेऊन परतले ती हेच पुन्हा जोडायचं ठरवून. तरीच्या होडीतून या काठावरून त्या काठावर हिंडले, दोन्ही गावांची सभा भरवली, सगळ्यांना चहा दिला, येणाऱ्या पोराबाळांसाठी खाडी राखू या म्हणून पोटतिडकीने बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचा तेवढे हसून म्हणाले, "चा बरा होता, पोरी. पण तुझा बापूस बोलायचा नाय, जाळा आणून टाकायचा." मी भरसभेत म्हटलं, आणते.

घरी येऊन दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. वहिनीचे दिवस भरत आले आहेत, शेत नावापुरतं, खाडीच्या तोंडाशी मिळतं त्यावरच आपला पावसाळा निघतो. त्याने मान वर केली नाही. "याच जाळ्यान तुला बीए केलान. आता उचल आणि दे त्यांना." तो खोटं सांगत नव्हता. पडवीत जावं तर चाचांचं जाळं, मागल्या दारी जावं तर आपलं. उद्या तरीवर पलीकडची माणसं विचारतील. दादा काहीच विचारणार नाही, आणि तेच जास्त जड आहे.

हे तुम्हांला पोचायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. दुपारी घरात कोणी नसताना मी आपलं जाळं उचलून पाहिलं. बाबा, मला एकटीला ते जागचं हलतसुद्धा नाही.