नाव घासलेली पक्कड

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सोसायटीची मीटिंग. पुन्हा मीच बकरा! मेंटेनन्सच्या खोलीतली अवजारं भंगार झालीत. पाने घसरतात, पकडींचे दात गेलेत. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अंकल, आप तो टूल इन्स्पेक्टर थे, आप ही बता दो कौन सा ब्रँड लें." सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वतःला काही करायचं नसलं की गाझियाबादच्या लोकांची एकी बघण्यासारखी असते.

पण खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. एकतीस वर्षं सरकारी वर्कशॉपात हेच केलं मी. रिटायर झाल्यापासून चार वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

भानुमती म्हणाली, "रिटायर होऊनसुद्धा लोखंड सुटत नाही तुमचं!" वर हेही, की ट्रायल बाल्कनीत करायची, तिच्या ओट्यावर नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चावडी बाजार. धूळ, रिक्षा, धक्के. तीन ब्रँडच्या पकडी आणल्या. जुनी ओळखीची सूर्यकेतू. तिच्यापेक्षा स्वस्त रणधीर. आणि एक विलायती नावाची, चकचकीत डबीत. नाव जर्मन, माल कुठला देव जाणे. दुकानदार म्हणाला, "साहब, सब एक ही है." एकच असतं तर माझं आयुष्य काय झक मारायला गेलं होतं?

दुपारी पहिली तपासणी. जबडा मिटून उजेडासमोर धरला. विलायतीत फट, चक्क आरपार दिसतंय! कानस फिरवून बघितली. रणधीरच्या दातांवर ती चावते, म्हणजे पोलाद मऊ. सूर्यकेतूवरून सरकून जाते. गंमत आहे. वर्कशॉपात असताना आमच्या ट्रायलमध्ये तर रणधीर सरस निघाली होती. कंपनीने माल बिघडवला असणार. हल्ली सगळ्यांचंच तसं आहे.

८ ऑक्टोबर

पाठ धरली. काही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यानंतर कोण लिहिणार! नाव वाचलं की माणूस आंधळा होतो. महाग ब्रँड म्हटला की हाताला आपोआप चांगला लागतो. म्हणून मी नाव घासून काढायचो, सगळ्यांच्या मुठी एकाच काळ्या रंगात बुडवायचो आणि वर नंबर ठोकायचो. कुठला नंबर कुठली कंपनी, ती यादी फक्त माझ्या पाकिटात. वापरणाऱ्याने नंबरवरच मत द्यायचं. सगळ्या वर्कशॉपात ही पद्धत फक्त माझी! वरचे साहेब मीटिंगमध्ये उदाहरण द्यायचे.

आज तसंच केलं. आमच्या सोसायटीचा इलेक्ट्रिशियन धीरज, चाळिशीचा, बुलंदशहरचा, हाताने फार साफ. त्याला तीन काळ्या पकडी दिल्या आणि तारा कापायला लावल्या. पाच मिनिटांत त्याने रांगेने ठेवल्या. "ये सूर्यकेतू, ये रणधीर, और ये डिब्बेवाली."

मी हसलो. यादी उघडली. तिन्ही बरोबर!

मी पकडी पाठीमागे नेऊन सरमिसळ केल्या, पुन्हा दिल्या. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा डोळे मिटून.

"कसं ओळखलंस?" तर म्हणतो, "अंकलजी, नाम ही तो मिटाया है. बीस साल से पकड़ रहा हूँ, हाथ नहीं पहचानेगा?"

चहा घेऊन गेला तो. मी तिथेच बसून राहिलो. हेच वाक्य मी आधी ऐकलंय. मराठीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

खंडेराव. लिहून टाकतो एकदाचं.

खंडेराव आमचा फिटर. कोल्हापूरकडचा. अख्ख्या वर्कशॉपात मराठी आम्ही दोघेच. घरचं येणंजाणं. त्याची चेतना आणि आमची भानुमती अगदी सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा. त्याची वैभवी आणि आमचा नचिकेत पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बसने जायचे.

२०१४च्या फेब्रुवारीत मी पकडींच्या ट्रायलचा निकाल वाचला. सहा महिने सगळ्या फिटरांनी वापरल्या होत्या, सगळ्यांचं मत एकच, एक नंबर सरस. मी पाकीट फोडलं. एक नंबर म्हणजे रणधीर! स्वस्तही तीच. सगळे खूश. तेवढ्यात खंडेराव उठला. "साहेब, काहीतरी चुकतंय. एक नंबर सूर्यकेतू आहे. माझ्या हाताला कळतं."

माझ्या पद्धतीवर बोट! तेही आठ माणसांदेखत. मी म्हणालो, "नाव घासलेलं असताना तुला कळलं कसं? सूर्यकेतूच्या डीलरशी तुझं साटंलोटं दिसतंय." मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नाही. फाइलवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. मराठीत अर्थ एवढाच, की या कर्मचाऱ्याचे पुरवठादाराशी संबंध असावेत.

त्या एका ओळीवर त्याची बदली झाली. राजस्थानातल्या डेपोत, जवळजवळ चार वर्षं. वैभवीची शाळा म्हणून चेतनावहिनी इथेच राहिल्या. त्यांना दमा. २०१६च्या डिसेंबरात गेल्या. खंडेराव तेव्हा गाडीत होता. दुसऱ्या दिवशी पोचला. आम्हाला मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. आम्ही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो!

आज सकाळी माळ्यावरून त्या ट्रायलची एक पक्कड काढली. मी एक ठेवून घेतली होती, आठवण म्हणून. वर '१' ठोकलेला. जबडा अजून उजेडासमोर धरला तर फट नाही. धीरजला बोलावलं. म्हटलं, ही बघ. त्याने एकदा उघडमीट केली.

"ये तो पुरानी सूर्यकेतू है."

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

हाताचा भरवसा नको म्हणून नवी सूर्यकेतू पूर्ण फाकवून भिंगातून बघितली. सांध्याच्या आतल्या अंगाला तीन बारीक ठिपके आहेत, साच्यातच उठलेले. रणधीरला नाहीत. मग जुन्या एक नंबरच्या सांध्यातलं ग्रीस रॉकेलने धुतलं.

तीन ठिपके.

१३ ऑक्टोबर, सोमवार

२०१३ची रोजनिशी सापडली. १४ ऑगस्ट. माझंच अक्षर: 'दोन्ही ट्रे रंगवून व्हरांड्यात वाळत ठेवले, डावा सूर्यकेतू, उजवा रणधीर. उद्या झेंडावंदन म्हणून शिपायांनी व्हरांडा धुतला, ट्रे उचलून आत आणले. जेवणानंतर नंबर मारले. काम फक्कड झालं.'

फक्कड! ट्रे उचलले, आत आणले, आणि ठेवताना डावं उजवं झालं. मी ढेरपोट्या जेवून आलो आणि डावीकडच्याला डावीकडचा नंबर मारत सुटलो. नावं इतकी स्वच्छ घासली होती की मलाही ओळखू आली नाहीत. एकदा सांधा उघडून बघायची बुद्धी झाली नाही. डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांवर नजर ठेवत होतो.

म्हणजे सगळ्या डेपोंसाठी मी दोन हजार वाईट पकडी मंजूर केल्या. वर्षभरात दात तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यावर माझा शेरा होता, 'कामगार नीट वापरत नाहीत.' लाज वाटते. आणि त्याच वर्षी माझी बढती झाली.

खंडेराव खरं बोलत होता. मी त्याला चोर ठरवलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस जेवण जात नाही. आज भानुमतीला सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर केली नाही.

"मग आता काय करायचं म्हणता?"

"त्याच्याकडे जाणार. माफी मागणार. आणि डिपार्टमेंटला पत्र लिहिणार, की माझी चूक होती, त्याच्या रेकॉर्डवरची ती ओळ काढा."

"आता? दिवाळीच्या तोंडावर?" मग काड्या बाजूला सारत, "चेतना तर परत येणार नाही ना."

खरं आहे. तिची एकुलती एक मैत्रीण माझ्यामुळे तुटली. त्यानंतर मंडळात ही कधी कोणाच्या इतकी जवळ गेली नाही. हिचीही माफी मागायला हवी. मागितली. तशी ही उठून आत गेली. रडत असावी. मी मागे गेलो नाही. मला ते कधी जमलंच नाही.

१८ ऑक्टोबर

मंडळाच्या कुलकर्ण्यांकडून नंबर मिळवला. खंडेराव फरिदाबादला असतो, वैभवीकडे. फोन केला. त्याचं उत्तर, "या साहेब." एवढंच.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. नचिकेत आणि सूनबाई रुचिता नोएडाहून आले. धुराने घसा बसला. नचिकेत म्हणाला, "बाबा, इतना क्यूँ सोच रहे हो? ऑनेस्ट मिस्टेक होती यार." ट्रे उलटे लागले ती ऑनेस्ट मिस्टेक. ती ओळ नव्हे. ती मी रागाने लिहिली होती, शुद्धीत, सुवाच्य अक्षरात.

२६ ऑक्टोबर, रविवार

जाऊन आलो. भानुमती आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. डबा भरून चिवडा मात्र दिला. वैशाली स्टेशनहून मेट्रो, मंडी हाउसला बदलून फरिदाबाद. सबंध रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. पिशवीत पक्कड, जुनी रोजनिशी आणि टाइप केलेलं पत्र.

दार वैभवीने उघडलं. शाळेत शिकवते आता. "या काका," म्हणाली, पण हसली नाही. बरोबर आहे तिचं.

खंडेराव वाळलाय. केस सगळे गेले. हात मात्र तेच, रुंद. मी जुळवलेलं सगळं विसरलो. पक्कड पुढे केली. त्याने घेतली, एकदाच उघडमीट केली आणि म्हणाला, "सूर्यकेतू."

मग मला रडू आलं. चौसष्ट वर्षांचा घोडा, त्या पोरीसमोर! मी म्हणालो, "खंडेराव, तू खरा होतास. नंबर मीच उलटे मारले. तू चोर नव्हतास रे, मी मूर्ख होतो. आणि फाइलवर ते लिहिलं तेव्हा नुसता मूर्ख नव्हतो, नीच होतो."

त्याने पाणी दिलं. माझी रोजनिशी वाचली, चौदा ऑगस्टचं पान. "झेंडावंदनाचा व्हरांडा," म्हणाला. "हां. असंच झालं असणार."

पत्र वाचून त्याने परत घडी घातली. "हे पाठवू नका. माझी पेन्शन चालू आहे. तुमच्यामागे उगाच चौकशी लागेल."

"लागू दे!"

"नको साहेब." पत्र माझ्या हातात देऊन म्हणाला, "मला तिकडच्या उन्हाचं काही वाटलं नाही. चेतनाचं वाटलं. मंडळात बायका विचारायच्या तिला, तुझ्या मिस्टरांनी खरंच पैसे घेतले का गं? मग तिने जायचं सोडलं."

मी पत्र पिशवीत ठेवलं. बसून राहिलो. वैभवीने चहा आणला. तिला पाठीवर हात ठेवून सॉरी म्हणावं असं फार वाटलं, धीर झाला नाही.

निघताना तो मेट्रोच्या जिन्यापर्यंत आला. मी विचारलं, "इतकी वर्षं राग नाही आला माझा?" म्हणाला, "आला की. पण आज तुम्ही स्वतःहून आलात. बास." मग, "वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, मी काही मनात ठेवलेलं नाही."

परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. बारा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. पत्र तरीही पाठवणार. उद्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी भानुमतीला खंडेरावचा निरोप सांगितला, शब्द न् शब्द. तिने गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे त्यांनी सांगितलं तुम्हाला."

"काय सांगितलं?"

त्याने काहीच सांगितलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. मग बोलली. निकालानंतर चौथ्या दिवशी, मी ऑफिसात असताना, खंडेराव घरी आला होता. दोन्ही नंबरांच्या पकडी घेऊन. सांधे साफ केलेले. एक नंबरच्या आतले सूर्यकेतूचे तीन ठिपके त्याने हिला दाखवले. 'वहिनी, साहेबांची नुसती चूक झालीय, उद्या सगळ्यांसमोर नको, घरीच दाखवतो,' म्हणाला. आठ दिवसांवर माझ्या बढतीची मीटिंग होती.

"मी पाया पडले त्यांच्या. म्हटलं, आठच दिवस थांबा, मग मीच सांगते यांना. त्यांनी शब्द दिला. मी माझा पाळला नाही."

मी विचारलं, "आणि चेतनावहिनी मंडळात यायच्या बंद झाल्या तेव्हा?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

"गेल्या तेव्हा?"

तिने उठून गॅस पुन्हा लावला.