पान त्र्याण्णववरचा चुकलेला अंक

छापील अंक एक. त्यापायी मेहुणा गेला, सख्ख्या बहिणीने बोलणे टाकले, आणि चार वर्षांत तिच्या दाराची बेल मी एकदाच वाजवली. हा हिशेब आधी मांडून मी, वय एकाहत्तर, धंदा आकडेमोडीची यंत्रे दुरुस्त करण्याचा, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. आधीचे रद्द समजावे; ते लिहिताना मी फार रागात होतो.

कलम १. राहते घर व खालचे दुकान मुलीला. दहावी नापास माणसाने स्क्रूड्रायव्हरच्या जोरावर उभे केले आहे. विकायचे तर खुशाल विकावे, पण रडत विकू नये, भाव पडतो.

कलम २. हँडल फिरवून चालणारी नऊ यंत्रे माझ्या मिस्त्रीला. तिसऱ्याच्या चाकाचा एक दात झिजला आहे. तो दिसणार नाही, ऐकावा लागेल.

कलम ३. गणिताच्या इतिहासावरचा एक ऑनलाइन गट मी चालवतो. सभासद दोन हजारांवर. नियम माझाच : पानाचा फोटो नाही, तर दावा नाही. एका जुन्या सात अंकी लॉगच्या तक्त्यात पान त्र्याण्णववर एक अंक चुकीचा छापलेला आहे. शेजारशेजारच्या आकड्यांतले फरक यंत्रावर काढताना एका खटक्याच्या जागी दोन ऐकू आले, तेव्हा तो मला सापडला. मी गटात छाती काढून लिहिले, "ही चूक जगात पहिल्यांदा मी पकडली, आणि तीही कानाने!"

खाली दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, लिहिले, "अरे, तू शाळा सोडलीस त्याच वर्षी मी ती समासात नोंदवली आहे." दाजी गणिताचे मास्तर. दोन हजार लोकांत त्यांनी माझी शाळा काढली.

"फोटो टाका, दाजी."

त्यांनी टाकला. मी तो मोठा करून पाहिला. शाई जेल पेनची. तेव्हा जेल पेन होते कुठे? मी लिहिले, "मास्तर, गृहपाठ कालच केलात वाटतं!" 'काटकोन' टोपणनावाच्या सभासदाने हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. दाजी त्याच दिवशी गटातून बाहेर पडले. आठ महिन्यांनी गेले. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिले. तेवढ्या एका दाव्याला मी पुरावा मागितला नाही.

पुढे ताईने ते पुस्तक पार्सलने पाठवले, चिठ्ठीशिवाय. भिंगाखाली धरले. जेलच्या रेघेखाली पुसट शिसपेन्सिल होती, आणि खाली तारीख, नुसत्या पेन्सिलची, दाजी म्हणाले त्याच वर्षाची. फोटोत पेन्सिल उठेना, म्हणून बिचाऱ्यांनी अक्षरे शाईने गिरवली होती. फोटोचा नियम माझा.

मी ताईकडे गेलो. तिने दार उघडले, आत घेतले नाही.

"ताई, दाजींचं खरं होतं."

"तुला फोटो लागतो ना? ती बघ त्यांची खुर्ची. काढ फोटो, टाक तुझ्या गटात."

कलम ४. मी गेल्यावर मुलीने गटात जाहीर खुलासा टाकावा, असे इथे लिहिले होते. मुलगी म्हणाली, "दोन ओळी तर आहेत, बाबा. आत्ताच टाका की."

"आत्ता टाकल्या तर ताई म्हणेल, माणूस गेल्यावर उपरती झाली."

"आणि तुम्ही गेल्यावर टाकल्या तर काय म्हणेल?"

सबब हे कलम खोडले. खुलासा आज सकाळी माझ्या नावाने टाकला : पुरावा खरा होता, मी खोटेपणाचा आळ घेतला, आणि ही चूक पहिल्यांदा दाजींनीच पकडली. काटकोन यांनी त्यालाही हसरा चेहरा लावला आहे. त्यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये.

कलम ५. ते पुस्तक ताईला परत. घेतले नाही तर दाराशी ठेवून यावे. फोटो काढू नये.

सही : यंत्र दुरुस्तीवाला
साक्षीदार १ : शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर (मी शुद्धीवर असल्याबद्दल)
साक्षीदार २ : समोरचा पुस्तकबांधणीवाला
ठिकाण : दुकानावरची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२४

परिशिष्ट. कलम ५ मधील पुस्तकाचे वर्णन, साक्षीदार २ याच्या हातचे : सात अंकी लॉगचे तक्ते, पृष्ठे दोनशे आठ, कापडी बांधणी, शिवण सैल. शेवटचे पान पुठ्ठ्याला चिकटलेले होते, ते आज सोडवले. त्यावर छापखान्याचे शुद्धिपत्र आहे. पहिलीच नोंद पान त्र्याण्णवची.