‘पोरगं पेत नाही,’ असं तुम्ही सांगितलं

बाबा, आज ऑफिसात पुन्हा तो फॉर्म आला. आमच्या शाखेत गोपनीय कागद असतात, म्हणून तिथं बसणाऱ्या प्रत्येकाची दर काही वर्षांनी नव्यानं चौकशी होते: कोर्टकचेरी, संगत, सवयी, सगळं. चौथ्या पानावर विचारलंय, दारूसाठी कधी उपचार घेतले का, आणि सवय कधीपासून होती. उपचार मी गेल्या वर्षी घेतले, अमरावतीत, महिनाभर. ऑफिसात कावीळ झाली म्हणून सांगितलं होतं. पण ते ‘कधीपासून’ काही केल्या लिहवेना. त्याचं खरं उत्तर नोकरीच्या आधीचं आहे, आणि तेव्हा माझ्याबद्दल सरकारला उत्तर तुम्ही दिलं होतं.

हिवरखेडच्या आपल्या ओसरीत हवालदार सतरंजीवर बसलेत, आई चहा गाळतेय, आणि मी आत ज्वारीच्या पोत्यांआड उभा, तोंडात बडीशेप कोंबून. गावचे पोलीस पाटील तुम्ही. नोकरी लागलेल्या प्रत्येक पोराची वागणूक तुम्हालाच विचारत. माझ्या वेळी खरं तर त्यांनी शेजाऱ्यांना विचारायला हवं होतं, पण तुमचं दार सोडून दुसरीकडे जाणं त्यांना तुमचा अपमान वाटला. “पाटील, तुमी म्हनलं म्हंजे झालं. पोरगं पेते-गिते का?” तुम्ही कप खाली ठेवला. “नाही. माहं पोरगं पेत नाही.”

आणि हे कोण म्हणतंय? ज्यानं दोन वर्षांआधी सख्ख्या भावाच्या पोराबद्दल “हो, पेते” म्हणून तोंडावर सांगितलं होतं! त्याची लागलेली नोकरी हातची गेली, आणि काकांनी आपल्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही. हवालदार गेल्यावर तुम्ही आत आलात. मला वाटलं, आता बसते एक. तुम्ही मारलंसुद्धा नाही. “तोंड धू,” म्हणालात, “आन् आता मले खोटं पाडू नको.” अहो, त्याच आठवड्यात पाडलं मी तुम्हाला खोटं! नेमणुकीच्या आनंदात, अकोल्याला, दोस्तांसोबत. आणि मग पुढची चौदा वर्षं पाडत राहिलो. लाज कशी नाही वाटली मला, हे आज मलाच कळत नाही.

परवा साहेबांना आडून विचारलं, की समजा एखाद्यानं उपचाराचं लिहिलं तर? साहेब आपल्याकडचेच, बोलायला रोखठोक. म्हणाले, “काहून घाबरून राहिले? पेत होता, आता सोडली, तर त्याचा विचार होते. ज्यानं लपवलं त्याचा होत नाही. लपवणाऱ्याले कोनीबी दाबू शकते. त्याच्या हाती आपन कागद कसे द्यावं?”

तरी चार दिवस मी मनाशी एकच घोकत होतो. खरं साल लिहिलं, तर बाबांचा शब्द खोटा ठरेल, गेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लागेल. वा रे शहाणा! तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तुम्हाला कोण बोलावणार चौकशीला? गेली तर माझी नोकरी जाईल. तुमचं नाव पुढं करून मी स्वतःलाच वाचवत होतो. हे कळलं तेव्हा माझीच मला शिसारी आली.

आज दुपारी खरं साल लिहिलं, कावीळही खोटी होती हे लिहिलं, आणि पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. नोकरी राहील की जाईल, देव जाणे.

आईला एक सांगणं मात्र मला अजून जमलेलं नाही, बाबा. हवालदार येऊन गेले त्या दिवसापासून तुम्ही गावातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला जाणं सोडलंत. तिथं सगळ्यांपुढं उभं राहून दारूबंदीवर बोलणारे तुम्ही, नंतर मागच्या रांगेतसुद्धा कधी बसला नाहीत. आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “त्याहिचे गुडघे लय दुखत, म्हनून जात नोहते.” काल फोनवर मलाही तेच म्हणाली. मी ‘हो’ म्हणालो.